जोडाखालचं फुटलेलं

जिंतूर डेपोत मी सत्तावीस वर्षं कंडक्टर होतो आणि त्या काळात माझ्या गाडीतून जी फळं गेली, त्यांतली बहुतेक मी खाल्ली आहेत. चोरून नव्हे. गर्दीत दुसऱ्याच्या पोत्याला पाय लावून उभं राहावं लागलं की पोत्याचा मालक आपणहून एखादं फळ हातावर ठेवतो, आणि मी नाही म्हणणाऱ्यातला नाही. त्यामुळे फळांच्या बाबतीत मी जरा चढेल झालो आहे. जाळीच्या मोज्यात बसवलेलं सफरचंद दिसलं की मला सफरचंदाचा नाही, ते घेणाऱ्याचा राग येतो. पाच कोसांवर डोंगरात टेंभरं पिकून गळत असतात आणि हा गडी आजाऱ्याला भेटायला सफरचंदाची पिशवी घेऊन निघालेला असतो.

टेंभराचं झाड म्हणजे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात ते. पान सगळ्यांना ठाऊक, फळ कुणाला नाही. येलदरीच्या रस्त्यावर हात करून गाडी थांबवणाऱ्या बायका उन्हाळ्यात ती पदरात बांधून आणायच्या. लिंबाएवढं पिवळं फळ, साल जाड, आतला गर चिकूच्या जवळचा. कच्चं खाल्लं तर तोंडाला अशी काही मिठी बसते की पुढच्या दोन थांब्यांची नावं नीट पुकारता येत नाहीत. पूर्णेला रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांमागं फालशाची झुडपं होती. फळ वाटाण्याएवढं, जांभळट, आंबटगोड. सकाळी तोडलं की दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, म्हणून ते बाजारात कधी येत नाही. ज्याच्या परसात झुडूप आहे त्यानंच खावं, बाकीच्यांनी त्याच्याशी ओळख ठेवावी. मी ठेवली होती.

देवगाव फाट्याला चढणारे एक मास्तर होते. त्यांनी शेताच्या बांधावर लक्ष्मणफळ लावलं होतं. रामफळ-सीताफळाच्याच कुळातलं, पण अंगावर मऊ काटे, आत कापसासारखा पांढरा गर आणि चवीला चक्क आंबट. लोक त्याची पानं मागायला यायचे. कुठल्याशा मेसेजमध्ये आलं होतं म्हणे, सगळे रोग बरे होतात. पानं ओरबाडून न्यायचे आणि फळं झाडाखाली सडायची. मास्तर दर आठवड्याला एक फळ माझ्याकडं देऊन म्हणायचे, ‘तुमी तरी खा, हे खायचं असतं.’

ही सगळी फळं मी घरी आबांसाठी न्यायचो. आबा म्हणजे माझे वडील. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, ती सगळीच गेली. ऑपरेशन झालं, पण गेलेलं परत आलं नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी अंगणात चिकूचं कलम लावलं. घराला पुढं सावली नव्हती, आणि आंधळ्या माणसाला घरात कोंडून ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. चार वर्षांत झाडानं सावली धरली. तेव्हापासून आबांची खाट त्याच्याखाली. सकाळी चहा तिथं, दुपारी पडणं तिथं, संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो की माझ्या पिशवीचा वास घेणंही तिथंच.

त्यांची पद्धत ठरलेली होती. फळ आधी दोन्ही हातांत धरून वजन करायचे. मग साल बोटांनी चाचपायची. मग वास. मग एक घास, आणि घास गिळेपर्यंत चेहऱ्यावर काही नाही. परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा मी समोर उभा.

‘कशाचं हाय?’

‘कृष्णफळ, आबा. वेल असतोय त्याचा. एका शाळेच्या जाळीवर चढवलाय. फूल बघायला पायजे होतं तुमी.’

‘मी काय बगतो डोंबल.’ दुसरा घास. ‘बरं हाय. आंबट हाय, पण वास चांगलाय. खिरणी न्हाई ती न्हाईच.’

दर फळाला हेच. निवडुंगासारख्या झाडाचं, सिमेंटच्या खांबावर लोंबणारं ड्रॅगन फ्रूट आणलं, जे आता आमच्याकडं शेतात होतं आणि ज्याच्याबरोबर लोक फोटो काढून घेतात, तर म्हणाले, ‘पाणी हाय नुसतं.’ हे मात्र मला पटलं. लक्ष्मणफळाला म्हणाले, ‘मास्तराला रामराम सांग.’ आणि मग खिरणी. ‘खिरणी मिळती का बघ की लेका. एवढा जिल्हा फिरतोस.’

खिरणी मी कधी खाल्लेली नव्हती. जी माहिती होती ती आबांच्या तोंडची. त्यांचं जन्मगाव आता येलदरीच्या धरणात आहे. गावाबाहेर नदीला उतरायच्या वाटेवर खिरणीचं एक झाड होतं, चार माणसांच्या कवेत न मावणारं. वैशाखात त्याला बोटाच्या पेराएवढी पिवळी फळं यायची. आत एकच बी, काळं, तुकतुकीत. गोड इतकी की पोरं दिवसभर दुसरं काही खायची नाहीत. आणि चीक. दहाबारा खाल्ली की ओठ ओठाला चिकटायचे, ते सोडवायला तेलाचं बोट लावावं लागायचं. आबांच्या आईनं त्यांना चिकटलेल्या तोंडानं घरी आलेलं कितीदा तरी पकडलं होतं, कारण बोलता येत नसल्यामुळे खोटं बोलता यायचं नाही.

पाणी भरायच्या आधी तिथली झाडं तोडून न्यायचं काम निघालं. तोडायला मजूर गावातलेच लावले. आबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे, अंगानं भक्कम, तेही गेले. इतर झाडं भराभर पडली. खिरणीनं चार दिवस घेतले. तिचं लाकूड असं की कुऱ्हाडीला धार राहत नाही. हे सांगताना आबा दरवेळी तिथंच थांबायचे, चार दिवसांवर. पुढं कधी काही बोलले नाहीत.

तर ती खिरणी मी शोधत होतो. चेष्टा नाही, खरंच शोधत होतो. बाजारच्या दिवशी उतारूंना विचारायचो. डोंगरातले लोक म्हणायचे, आमच्या आज्याच्या वक्ताला होती. कुणी म्हणे परभणीला जुन्या दर्ग्याच्या आवारात एक झाड आहे. सुट्टी काढून गेलो. आवार होतं, झाडाचा बुंधा होता, त्यावर चहाची टपरी होती. एकदा सातपुड्याकडं जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला गळ घातली. तिकडं म्हणे उन्हाळ्यात खिरणीच्या पाट्या बसतात. त्यानं बिचाऱ्यानं आणली. मे महिना, इंजिनाच्या शेजारी ठेवलेली पिशवी, दोन दिवसांचा प्रवास. आबांनी पिशवीत हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि हात धोतराला पुसला.

‘आंबली.’

मी म्हणालो, ‘एखादी बघा तरी.’

‘आंबली म्हणलं ना.’ पिशवी त्यांनी स्वतःच खाटेखाली सरकवली. रात्रीपर्यंत तिला मुंग्या लागल्या.

आता चिकूबद्दल सांगितलं पाहिजे. कलम घेतलं तेव्हा नर्सरीवाल्यानं खोडावरची एक गाठ दाखवली होती. हा जोड. याच्या वरचा चिकू, खालचं नुसतं मूळ. जोडाच्या खाली काही फुटलं तर ठेवायचं नाही, रानटी असतं ते, वरचं खाऊन टाकतं. आबा शेजारीच उभे होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दिसत नसल्यामुळे ऐकलेलं ते पक्कं धरून ठेवायचे. त्यांनी नेम करून टाकला. दर अमावस्येला मी कात्री घेऊन खाली बसायचं आणि जोडाखालचं फुटलेलं खुडायचं.

‘खुडलास का?’

‘खुडलं.’

‘बुडातून काढ. डोळा ठेवू नकोस.’

कोवळे, तांबूस कोंब असायचे, कधी दोन, कधी चार. मी ते कधी नीट पाहिलेही नाहीत. एकदाही अमावस्या चुकली असेल तर मला आठवत नाही. मी कामावर असलो तर बायको खुडायची. झाडाची अशी निगा गल्लीत दुसऱ्या कुणी केली नसेल. चिकू भरभरून यायचे, गोड यायचे, आबा दोन खायचे आणि म्हणायचे, ‘चांगलाय. खिरणी न्हाई ती न्हाईच.’

अशी बारा वर्षं गेली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, पौषात, देवगाव फाट्याला एक बाई गाडीत चढली. पन्नाशीची असेल. दोन्ही हातांत प्लास्टिकचे क्रेट, क्रेटमध्ये काळ्या पिशव्यांतली रोपं. मी नेहमीप्रमाणे क्रेट वाटेतून बाजूला घ्यायला सांगितले. सरकवताना एक रोप माझ्या गुडघ्याला घासलं. जाड, गडद पान, टोकाला मध्येच खाच पडलेली. कुणी नखानं चिमटा काढावा तशी. हे पान कुठंतरी पाहिलंय असं वाटलं.

‘कशाची झाडं हायत, मावशी?’

‘खिरणी.’

मी पुन्हा विचारलं.

‘खिरणी, खिरणी. चिकूची कलमं बांधायला लागतेत. मी तेच काम करते नर्सरीत.’

‘चिकूचं कलम खिरणीवर बांधतात?’

‘मंग कशावर बांधतेत?’ ती माझ्याकडं कीव आल्यासारखी बघायला लागली. ‘चिकूचं सोताचं मूळ आपल्या जमिनीत टिकत न्हाई. जेवढा चिकू बघाल तेवढ्याच्या बुडाला खिरणीच हाय.’

‘आणि जोडाखाली फुटतं ते?’

‘ती खिरणीच की. काढून टाकावं लागतंय.’

‘नाही काढलं तर?’

‘तर खिरणीचं झाड होतंय. फळं बी येतेत. पर लय सावकाश. धा-बारा वर्सं तरी धरा.’ मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, ‘कुणाला पायजे?’

‘वडलांना.’

‘वय काय त्यांचं?’

‘ऐंशीच्या पुढं.’

तिनं एक क्रेट पायाशी ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पुढं ड्रायव्हर बेलची वाट बघत होता. त्यानं हॉर्न दिला तेव्हा मला समजलं की गाडी उभी आहे आणि मी दोरी हातात धरून नुसता उभा आहे.

घरी गेलो तेव्हा आबा घरात झोपले होते. मी अंगणात जाऊन चिकूखाली बसलो. अमावस्या होऊन काही दिवस झाले होते. जोडाखाली नवीन कोंब आला होता, चार बोटं उंच. पानाच्या टोकाला खाच होती. बायकोला बोलावून दाखवलं, सगळं सांगितलं. तिनं कोंबावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘आवो, सांगू नका त्यांना.’

आम्ही तेव्हा जो हिशोब केला तो कुणीही करेल. पहिला कोंब आला तो लावल्याच्या दुसऱ्या वर्षी. तो एकटा सोडला असता तर आता फळं धरायच्या वयात आला असता. खिरणीसाठी मी पूर्णेपासून सातपुड्यापर्यंत माणसं कामाला लावली होती, आणि खिरणी आबांच्या खाटेच्या उशाशी होती. दर अमावस्येला मी तिला बुडातून काढत होतो. मला स्वतःची इतकी किळस आली की त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

त्या महिन्यापासून मी खुडणं बंद केलं. आबांना मात्र तसं सांगितलं नाही. अमावस्या आली, त्यांनी विचारलं, आणि मी कात्री घेऊन खाली बसलो. हवेत चार-पाचदा वाजवली. ‘खुडलं’ म्हणालो. पुढच्या अमावस्येला पुन्हा तेच. आंधळ्या बापासमोर कात्री वाजवणारा मुलगा, वय वर्षं सत्तावन्न. मी आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण त्या दोन अमावस्यांची आठवण आली की अजूनही कान गरम होतात.

खरं म्हणजे काय करावं ते मला कळत नव्हतं. कोंब ठेवून उपयोग नव्हता आणि खुडायला हात होत नव्हता. तो आपला वाढत होता. जुन्या मुळाचा जोर होता त्याला. शिमग्यापर्यंत तो खाटेच्या माच्याच्या वर आला.

शिमगा झाल्यावर चार-पाच दिवसांची गोष्ट. मी दारात दाढी करत बसलो होतो. आबांनी तांब्यासाठी खाटेच्या मागं हात घातला. हात तांब्याला लागायच्या आधी पानाला लागला. ते थांबले. पान अंगठ्यानं चाचपत टोकापर्यंत गेले. टोकाला अंगठा अडकला. तिथं तो पुढं-मागं करत राहिले. मग त्यांनी पान देठातून मोडलं. देठातून पांढरा चीक आला असावा, मला एवढ्या लांबून दिसला नाही. त्यांनी तो दोन बोटांत घेतला, बोटं उघडली, मिटली. मग बोटं ओठांना लावली आणि ओठ मिटून बसून राहिले.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून जवळ गेलो.

‘ही कुटून आली?’ आबांनी विचारलं.

‘चिकूच्या खालून.’

‘जोडाखालून?’

‘व्हय. आपण रानटी म्हणायचो ना, ती खिरणीच असती, आबा. सगळ्याच चिकूंच्या खाली असती.’

‘तुला कवा कळलं?’

‘पुसात.’

‘तरीच.’ ते म्हणाले. ‘दोन आवसा झाल्या, कात्री रिकामी वाजायलीय. मला वाटलं आळस करायलास.’

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. मला बसायला जागा दिसेना, म्हणून मी खाली मातीतच बसलो. आबांनी डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं. मध्येच सोडून दिलं.

‘पैला कोंब कवा आला हुता?’

‘लावल्याच्या दुसऱ्या वर्षी.’

‘मीच म्हणायचो, डोळा ठेवू नको म्हणून.’

यावर मुलानं काहीतरी बोलायला हवं होतं. तुमची काय चूक, नर्सरीवाल्यानं सांगितलं नाही, असं काहीही. पण मला त्या वेळी राग आला होता, सगळ्यांचा. नर्सरीवाल्याचा, चिकूचा, आबांचासुद्धा. बारा वर्षं खिरणी खिरणी करत होते, एकदा तरी खुडलेला कोंब हातात मागून घ्यायचा. बारा वर्षांत एकदा. मी दिला नाही, त्यांनी मागितला नाही. हे सगळं माझ्या तोंडात आलं आणि मी ते गिळलं. उठून दाढी पुरी केली.

संध्याकाळी मी त्यांना म्हणालो की यंदा मे महिन्यात मी स्वतः सातपुड्याकडं जातो. बर्फाचा डबा घेऊन जातो, रात्रीच्या गाडीनं परत येतो. रजेचा अर्ज दुसऱ्याच दिवशी टाकला. आबांनी ऐकून घेतलं. ‘जा,’ म्हणाले. पण ज्या आवाजात लोक पाहुण्याला ‘या पुन्हा’ म्हणतात त्या आवाजात म्हणाले.

त्यानंतर ते रोज सकाळी आपल्या तांब्यातलं उरलेलं पाणी त्या कोंबाच्या बुडाशी ओतायचे. मी एकदा म्हणालो, ‘आबा, मूळ खोल हाय, तिला पाण्याची गरज न्हाई.’ ते म्हणाले, ‘ठाव हाय मला.’ आणि पाणी ओतलं. हाताखाली येईल असं एखादं पान कुरवाळत पडून राहायचे. फळांची चव बघणं त्यांनी सोडलं. मास्तरांनी शेवटचं लक्ष्मणफळ पाठवलं होतं, ते त्यांनी हातातही घेतलं नाही. चैत्रात जेवण कमी झालं. आधी भाकरी गेली, मग भात, मग नुसतं ताक. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

रजा मंजूर झाल्याचं कळलं त्याच आठवड्यात, दुपारी, चिकूखाली, आबा गेले. बायको ताक घेऊन गेली तेव्हा त्यांचा हात खाटेच्या मागं लोंबत होता. झाडाला लावलेला होता की तसाच पडला होता, तिला सांगता आलं नाही. मी विचारायला नको होतं.

दहाव्याला आम्ही येलदरीला गेलो. आबांचं गाव जिथं होतं तिथलं पाणी उन्हाळ्यानं मागं हटलं होतं. भेगा पडलेल्या गाळावरून चालत आम्ही काठाला पोचलो. मी, माझ्या बहिणीचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि भावकीतले पाच-सात जण. पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. ऊन चढलं होतं. दोन कावळे एका वाळलेल्या बाभळीवर बसलेले होते, ते हलायला तयार नव्हते. एकजण म्हणाला, म्हाताऱ्याचा जीव कशात तरी आहे. मग सुरू झालं. दाजींनी हात जोडून सांगितलं की हे बहीण-भाऊ प्रेमानं राहतील. कावळा येईना. कुणी म्हणालं, तेराव्याला सगळ्या गावाला जेवू घालू. येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला काड्या हातात घेतल्या. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला काय बोलायचं ते माहीत होतं. दहा माणसांत तोंडातून काढायची लाज वाटत होती, कारण खिरणीची ही गोष्ट आम्ही नवरा-बायकोनं कुणालाच सांगितली नव्हती. सांगून काय म्हणणार होतो, बापाला जे हवं होतं ते बारा वर्षं मी कापत होतो म्हणून? शेवटी मी चार पावलं पुढं गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, ‘आबा, खिरणी ठेवतो. आता खुडत न्हाई. तिला हात लावू देत न्हाई कुणाला.’

बाभळीवरचा एक कावळा उठला, सरळ आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. मागं सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खरं सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. पण त्या गाळात उभं राहून मला दहा दिवसांत पहिल्यांदा रडू आलं, आणि बरं वाटलं. आपल्या हातून एक तरी गोष्ट होणार आहे असं वाटलं. बारा वर्षं लागली तर लागली. आबांच्या नावानं कुणीतरी खाईल.

दुपारी घरी आलो. अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं, मांडवाचे बांबू आणून टाकले होते. आबांची खाट भिंतीला उभी केली होती. चिकूचं खोड लांबूनच दिसत होतं, कारण त्याच्या बुडाशी आता काही नव्हतं. जोडाखाली एक गोल, निळसर डाग होता.

दाजी मागून आले. त्यांची मोसंबीची बाग आहे, झाडांतलं कळतं त्यांना. म्हणाले, ‘सकाळी निघायच्या आदी म्या साफ करून घेतलं. जोडाखाली बगा केवढं फुटलं हुतं, कंबरेएवढं. आबांच्या आजारपणात तुमचं लक्ष ऱ्हायलं न्हाई, मी समजू शकतो. चाकूनं बुडातून काढलंय, वर चुना-मोरचुदाचा लेप दिलाय. आता फुटायची भीती न्हाई.’

सकाळी निघायच्या आधी. त्या गडबडीत मी झाडाकडं बघितलंही नव्हतं. म्हणजे मी काठावर उभा राहून बोलत होतो तेव्हा ते कापून झालेलं होतं.

‘बरं केलंत,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. त्यांनी जे केलं ते मी दीडशे वेळा केलं होतं आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता. कापलेली फांदी विचारली, तर ती बाकीच्या कचऱ्याबरोबर पेटवून दिली होती.

बायकोनं आत गेल्यावर मला विचारलं, कावळा शिवला का. मी म्हणालो, शिवला. तिनं हात जोडले.

वैशाख गेला. मे महिन्याची रजा मी घरीच काढली. आता निवृत्त आहे, पिशवी घेऊन घरी यायचं काही कारण उरलेलं नाही. चिकू येतात, पोतंभर येतात, शेजारी घेऊन जातात. दाजींचा लेप चांगला बसला आहे.

परवा अमावस्या होती. सवयीनं कात्री घेतली आणि झाडाखाली बसलो. जोडाखाली हात फिरवून बघितला, सगळीकडं साल गुळगुळीत होती. मी कात्री चार-पाचदा वाजवली आणि आत आलो.